यानने लिहिलेला शेवट

अल सद्द, दोहा
६ सप्टेंबर २०२४

मिहीर,

आशीर्वाद तर आहेतच, पण या वेळी आधी आभार मान्य कर. मावशीला फोनवर म्हटलं, तुझ्या मुलाने मला पुन्हा मास्तरीण केलं. ती म्हणाली, "स्वतः चीनमध्ये जाऊन बसलाय, आता तुलाही ओढतोय का?"

यान परवा निंगबोला परत गेली. तू तिच्या शाळेत शिकवतोस म्हणून तिच्या आईवडिलांना माझं नाव सुचवलंस. नाहीतर अल हिलालमधल्या त्या घरात मी कशाला गेले असते? वडील इथे बांधकाम कंपनीत इंजिनिअर, आई त्याच कंपनीच्या ऑफिसात. मुलगी तिकडे वसतिगृहात, सुट्टीला आजीकडे आणि उन्हाळ्यात इथे. पुढच्या जूनमध्ये तिची ती मोठी परीक्षा, गाओकाओ, जिच्यावर मुलांचं कॉलेज ठरतं. त्यातलं इंग्रजी तुमच्या प्रांतात जानेवारीतही एकदा देता येतं आणि दोन्हींतले जास्त गुण धरतात. तुला हे सगळं माहीत आहे, पण मला नव्याने कळलंय, म्हणून सांगायची हौस.

पहिल्या दिवशी तिने मला तिची उत्तरं दाखवली. अर्धी गोष्ट देतात आणि पुढचे दोन परिच्छेद मुलांनी लिहायचे, असा तो प्रश्न. मिहीर, त्यात एक चूक नव्हती आणि तिचं स्वतःचं एक वाक्यही नव्हतं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर ऊन, आणि कोणीतरी कोणाला तरी मिठी मारलेली. मी विचारलं, "तुमच्या घरात कोण कोणाला मिठी मारतं?" ती हसून म्हणाली, "कोणीच नाही, टीचर." मी म्हटलं, "मग खरं काय होईल ते लिही. पाठ केलेलं परीक्षकाला लगेच कळतं."

ऑगस्टभर आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून एवढंच केलं. पलीकडे तिची आई भाजी चिरत असायची. शेवटच्या आठवड्यात यान अशी लिहायला लागली की वाचताना मीच थांबायचे. नाशिकच्या कॉलेजात चौदा वर्षं शिकवलं, पण असा आनंद तिथे क्वचित मिळाला. घरी आमची चैत्राली माझे उच्चार सुधारत असते. "मम्मा, असं कोणी बोलत नाही." इथे एक मुलगी माझं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघते.

आता दर रविवारी ती आजीच्या घरून कॉम्प्युटरवर येणार आहे. तुझ्याकडून काही सूचना असतील तर लिही. फोनवर तुझा आवाज तुटतो, आणि मराठीत लांबलचक लिहायला मला दुसरं कोणी उरलेलं नाही.

तुझी
विभाताई


निंगबो
२२ सप्टेंबर २०२४

विभाताई,

इथून वाकून नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना थोडी काळजी वाटली, ती लिहितो. रागावू नकोस.

यानच्या वर्गाला इंग्रजी शिकवतात त्या झाओ मॅडम. मी फक्त बोलायचं इंग्रजी शिकवतो, आणि त्याला परीक्षेत गुण नाहीत. त्यामुळे माझ्या तासाला मुलं गणितं सोडवतात आणि मी बघून न बघितल्यासारखं करतो. झाओ मॅडमचा तास म्हणजे वेगळंच जग. मुलं रोज सकाळी उभं राहून नमुन्याची वाक्यं मोठ्याने म्हणतात. इंग्रजी अक्षर छापल्यासारखं यावं म्हणून वेगळा सराव असतो. परीक्षकापुढे पेपरांचा डोंगर असतो, ताई. एका पेपरला त्याच्याकडे फार थोडा वेळ. त्याला स्वच्छ अक्षर लागतं, ओळखीची वाक्यरचना लागते आणि मनाला बरं वाटेल असा शेवट लागतो. दुःखी शेवटाला गुण देऊ नयेत असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय गोष्टीच्या आधी एक छोटं पत्र लिहायचं असतं. विचार करत बसलं की त्याला वेळ उरत नाही.

तू तिला जे शिकवतेस ते चांगलं आहे. मला कोणी असं शिकवलं असतं तर, असंही वाटून गेलं. पण जून होईपर्यंत ते बाजूला ठेव. नंतर तिला आयुष्य पडलंय.

मधु भावोजींना नमस्कार.

मिहीर


अल सद्द
५ ऑक्टोबर २०२४

मिहीर,

रागावले नाही. वाईट वाटलं. इंग्लंडला जाऊन पदवी घेतलेला माझा भाऊ म्हणतो, मुलीला खोटं लिहायला शिकव, कारण परीक्षकाला वेळ नाही. नोकरीने तू भित्रा झालास का रे?

मी परीक्षक होते. विद्यापीठाचे पेपर घरी गठ्ठ्याने यायचे. शंभर सारख्या उत्तरांत एक वेगळं आलं की मान वर व्हायची आणि हात आपोआप दोन गुण जास्त द्यायचा. परीक्षक इथूनतिथून माणूसच.

यानला मी तुझं म्हणणं सांगितलं नाही. उगाच तिच्या मनात दोन आवाज नकोत. तिने मागच्या रविवारी विचारलं, "टीचर, झाओ मॅडम म्हणतात शेवट उबदार हवा. काय करू?" मी म्हटलं, "त्या तुझ्या मॅडम आहेत, त्यांचा मान ठेव. पण पेन तुझ्या हातात आहे."

मधुला हे वाक्य फार आवडलं. यानच्या आईवडिलांना, लिन पतिपत्नींना, आम्ही दिवाळीत जेवायला बोलावतोय.

विभाताई


निंगबो
१२ जानेवारी २०२५

विभाताई,

घाईत लिहितोय. यानची इंग्रजीची परीक्षा झाली. बाहेर आली तेव्हा हसत होती. मला म्हणाली, "सर, मला जसं लिहायचं होतं तसं लिहिलं." तुला कळवायला सांगितलंय. निकाल सुट्टीनंतर.

मिहीर


अल सद्द
२१ फेब्रुवारी २०२५

मिहीर,

महिना झाला, तुझं काही नाही. निकाल लागला हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं.

परवा लिनबाई घरी आल्या. एकट्याच, न कळवता. हातात चहाचा मोठा डबा आणि संत्री. सोफ्याच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, यानला फार कमी गुण मिळाले, शाळेने धरले होते त्यापेक्षा खूपच खाली. शांघायचं कॉलेज आता अवघड दिसतं. मग उभ्या राहिल्या आणि वाकल्या. "तुम्ही एवढी मेहनत घेतलीत. आमच्या मुलीने तुम्हाला मान खाली घालायला लावली. आम्हाला लाज वाटते."

मी गडबडले. त्यांना धरून खाली बसवलं. म्हटलं, "असं होतं कधीकधी. या वयात मुलं हलगर्जीपणा करतात. जूनमध्ये भरून काढेल." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. हलगर्जीपणा." चहा न घेताच गेल्या.

दारातून आत आल्यावर मला बरं वाटेना. यान हलगर्जी मुलगी नाही, हे मला माहीत आहे. मग मी तसं का म्हटलं? पण पेपरच्या दिवशी काय झालं कोण जाणे. झोप झाली नसेल, पोट बिघडलं असेल. गेले दोन रविवार ती आलेली नाही. आजी म्हणते अभ्यास आहे.

तू तिथे आहेस. काय झालं ते लिही. तो डबा मी अजून उघडलेला नाही.

विभाताई


निंगबो
२ मार्च २०२५

विभाताई,

मी लिहिलं नाही, कारण लिहिलं तर खरं लिहावं लागलं असतं.

परीक्षेनंतर झाओ मॅडम मुलांकडून आठवून आठवून उत्तरं परत लिहून घेतात, कुठे काय चुकलं ते कळावं म्हणून. गोष्ट अशी होती. एक मुलगा शाळेच्या सहलीत डोंगरावर वाट चुकतो. एक म्हातारा त्याला खाली आणून सोडतो. दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य दिलेलं होतं, की आठवड्याने मुलगा पुन्हा डोंगर चढला. सगळ्या वर्गाने लिहिलं, म्हातारा भेटला, दोघांचे डोळे भरले, मुलाला माणुसकीचा अर्थ कळला. यानने लिहिलं की मुलगा संत्री घेऊन गेला, पण म्हाताऱ्याचं नाव विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं होतं. दारोदार विचारलं, कोणाला सांगता येईना. शेवटी एका अनोळखी दारापाशी संत्री ठेवून तो खाली आला. उतरताना त्याला स्वतःची लाज वाटली.

ताई, मी स्टाफरूममध्ये ते वाचलं आणि मला तुझाच आवाज ऐकू आला. आणि ते चांगलं होतं. ते लिहिण्यात तिचा इतका वेळ गेला की आधीचं पत्र तिने चार ओळींत उरकलं होतं.

निकाल आल्यावर झाओ मॅडमनी तिला बोलावलं. मी पलीकडच्या टेबलावर होतो. त्यांनी विचारलं, "असं लिहायला तुला कोणी शिकवलं?" यानने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "कोणी नाही. मला सुचलं." मॅडम म्हणाल्या, "इतक्या महत्त्वाच्या परीक्षेत?" ती म्हणाली, "हो."

मी वही तपासत होतो. तपासतच राहिलो. मला वाटलं, आत्ता बोललो तर विचारतील, तुमच्या बहिणीचं नाव त्या घरी कोणी सुचवलं. माझा करार उन्हाळ्यात संपतो.

दुसऱ्या दिवशी तिला वर्गापुढे उभं राहून आत्मपरीक्षण वाचावं लागलं. इथे ती पद्धत आहे. मी शाळेपेक्षा शहाणी आहे असं समजले, आईवडिलांचे कष्ट वाया घालवले, वर्गाची सरासरी खाली आणली, असं. माझा तास त्यानंतरचा होता. मी दारात थांबून पूर्ण ऐकलं. मग आत गेलो आणि म्हणालो, गुड मॉर्निंग.

तुला हलगर्जीपणा वाटला. तो माझा होता, तुझाही. तिचा नव्हता.

मिहीर


अल सद्द
१४ मार्च २०२५

मिहीर,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलले नाही. मधुने विचारलं, तेव्हा मोबाइल त्याच्या हातात दिला. वाचून म्हणाला, "आता सांगून काय होणार? त्या मुलीने विषय मिटवलाय." मला तेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर स्वतःचीच किळस आली. त्यांनी माफी मागितली आणि मी ती घेतली, मिहीर. घरात आलेल्या पाहुण्याच्या हातातून पिशवी घ्यावी, तशी घेतली.

रमजान आहे, दुपारी रस्ते रिकामे असतात. टॅक्सी करून अल हिलालला गेले. दोघंही घरी होते. लिनसाहेबांनी पाणी आणून ठेवलं. मी बसलेही नाही. म्हटलं, "यानने जे लिहिलं ते मी शिकवलेलं होतं. मिहीरने मला आधीच सावध केलं होतं. मी ते तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही. तिने माझं नाव झाकलं. चूक तिची नाही."

लिनसाहेब बायकोकडे बघायला लागले. त्यांना हे नवीन होतं. लिनबाईंना नव्हतं.

त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुम्ही शिकवायचात तेव्हा मी स्वयंपाकघरात असायचे. माझं इंग्रजी कमी आहे, पण तेवढं कळतं. तुम्ही तिला काय सांगायचात, सगळं ऐकत होते."

मी म्हटलं, "मग तुम्ही माझ्या घरी येऊन माफी का मागितलीत?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं."

त्या चिडल्या नव्हत्या. आवाजही वाढवला नाही. म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये मीही गप्प बसले. शिक्षकाच्या कामात बोलू नये असं आम्हाला शिकवलंय. म्हणून फक्त तुमच्यावर रागावता येत नाही. पण रविवारचा तास आता नको." लिनसाहेब मला खालपर्यंत सोडायला आले, टॅक्सी मिळेपर्यंत उन्हात थांबले. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

मी माझ्या वाटणीचं सांगून आले. तुझ्या वाटणीचं काय करायचं ते तू ठरव. मी तुला भित्रा म्हटलं होतं. आता तो शब्द वापरायचा अधिकार मला नाही.

विभाताई


निंगबो
६ एप्रिल २०२५

विभाताई,

आधी झाओ मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "मुलगी वर्गापुढे उभी होती तेव्हा तुम्ही दारात होतात. मी पाहिलं होतं तुम्हाला." मी म्हटलं, "मला त्याच वर्गापुढे बोलू द्या." त्या म्हणाल्या, "शिक्षक असं करत नाहीत." दोन दिवसांनी त्यांनीच बोलावलं आणि म्हणाल्या, "तुमच्या तासाला करा. मी मागे बसेन."

मी चिनीत बोललो. माझ्या चिनी उच्चारांना मुलं नेहमी हसतात, कारण सूर चुकला की शब्दाचा अर्थच बदलतो. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मी म्हणालो, यानची चूक नव्हती, ती आमच्या घरातल्या मोठ्या माणसाने शिकवलेली गोष्ट होती, मला धोका माहीत होता, आणि तिला प्रश्न विचारला गेला तेव्हा मी माझी नोकरी सांभाळत बसलो. यान खिडकीशी बसते. तिने एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं होतं, माझ्यावरचं ओझं उतरेल. मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि कळलं की ती सगळी मुलं माझ्यासाठी शरमली होती. सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याला सांभाळून घ्यावं, यासारखं दुसरं काही नाही.

तास संपल्यावर ती जिन्याजवळ भेटली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सर, तुम्हाला कोणी विचारलं होतं?" आणि खाली निघून गेली. अजून माझ्याशी बोलत नाही. रोज सकाळी सगळ्यांबरोबर उभी राहून नमुन्याची वाक्यं म्हणते. आवाज सगळ्यांत मोठा असतो.

मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या वर्षीच्या कराराचं बघू. बघू म्हणजे काय, ते मला कळलं. पुण्याला आईला अजून सांगितलेलं नाही.

ती का चिडली आहे, ते मात्र मला कळत नाही.

मिहीर


अल सद्द
१८ जुलै २०२५

मिहीर,

तू पुण्याला पोचलास, हे मावशीकडून कळलं. तिने मला काही विचारलं नाही. तू सांगितलं असशील किंवा नसशील, मी तिच्याशी जपून बोलले.

तुला जे कळत नव्हतं, ते मला काल कळलं. म्हणून लिहिते.

यान आली होती. मेट्रोने, एकटी. दार उघडलं तर घामाने चेहरा लाल झालेला. उंच झाल्यासारखी वाटली. मी पाणी दिलं, एसी वाढवला, फ्रिजमधलं श्रीखंड काढलं, नुसती धावपळ करत राहिले. ती म्हणाली, "टीचर, बसा."

जूनच्या परीक्षेत इंग्रजीला चांगले गुण मिळाले. तिने सांगितलं, "या वेळी शाळेत शिकवलं तसंच लिहिलं. अक्षरही छान आलं." शांघाय थोडक्यात हुकलं, पण ते गणितामुळे. हांगझोऊला प्रवेश मिळेल असं दिसतं. पर्यावरणशास्त्र घ्यायचंय. आई खूश आहे. मी म्हटलं, "खूप छान." आणि मग मी तेच सुरू केलं. म्हटलं, "यान, निकालानंतर तू माझ्यासाठी जे केलंस..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

"तुम्हाला वाटलं मी तुम्हाला वाचवत होते?"

मी म्हटलं, "हो."

"नाही," ती म्हणाली. हळू बोलत होती. इंग्रजी शब्द एकेक निवडून. "मॅडमनी विचारलं, कोणी शिकवलं. मी म्हणाले, मला सुचलं. ते खरं होतं. तुम्ही मला खोटं काढून टाकायला शिकवलंत. पण संत्री मी आणली. ते अनोळखी दार मला दिसलं. हॉलमध्ये सगळे भराभर लिहीत होते तेव्हा मी थांबले. वेळ जातोय हे मला माहीत होतं. झाओ मॅडमचं माहीत होतं. तरी थांबले. ते मी ठरवलं होतं. गुण गेले, तेही माझेच गेले. वर्गापुढे उभी राहिले तेव्हा मनात म्हणत होते, वाचायला लावा काहीही, पण ती गोष्ट मी लिहिलीय."

मग तिने पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला.

"नंतर तुम्ही आईला सांगितलंत. सरांनी वर्गाला सांगितलं. आता सगळे म्हणतात, बिचारी, तिला चुकीचं शिकवलं. आईसुद्धा नातेवाइकांना तेच सांगते. कोणीही म्हणत नाही की ते यानने लिहिलं. तुम्ही दोघांनी माफी मागितलीत, आणि ते माझ्याकडून गेलं."

मिहीर, जे काही शरमेचं व्हायचं ते मार्चमध्ये त्या दिवाणखान्यात होऊन गेलं, असं मी धरून चालले होते. खरं सांगते, त्या टॅक्सीतून परत येताना मनाच्या एका कोपऱ्यात मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं, की मी सांगितलं, मी गेले. त्या मुलीला एकदा विचारावं, एवढं मला सुचलं नाही. ती रविवारी यायची बंद झाली, तरी सुचलं नाही. आधी तिचं पेन चालवायला गेले, आणि मग तिची चूकही माझी म्हणून उचलून आणली. दोन्ही वेळा वाटलं, तिच्यासाठीच करते आहे.

माफी पुन्हा ओठांवर आली होती. शब्दसुद्धा तयार होते. मी वाटी तिच्या पुढे सरकवली. तिने श्रीखंड संपवलं. वेलदोड्याचं साल कडेला काढून ठेवलं आणि विचारलं, हे दही इतकं घट्ट कसं होतं. मी सांगितलं, फडक्यात बांधून टांगून ठेवायचं. हांगझोऊच्या वसतिगृहात टांगता येईल का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मधु ऑफिसातून आला, तोही बसला.

निघताना मी तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेले. ऊन कलत होतं, पण फूटपाथ अजून तापलेला होता. ती सावलीच्या बाजूने चालत होती आणि मला आत घेत होती. फाटकापाशी तिने कार्ड लावलं, पलीकडे गेली, वळली. म्हणाली, "टीचर, मी कधीतरी पुन्हा येईन. पण शिकायला नाही." मी म्हटलं, "ये." एवढंच म्हटलं. मी माफी मागितली नाही, कारण तीही मी माझ्यासाठीच मागितली असती.

तूही आता तिला काही लिहू नकोस, मिहीर. आपण दोघं पुरेसं बोललो आहोत.

विभाताई